उद्या आवाज पाहिजे

विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग कारची बॅटरी आणि मोटर, हा माझ्या पीएचडीचा विषय. जालन्यातल्या कॉलेजात त्या गाडीवर मी चार वर्षं घासली. माझे गाईड म्हणजे आमचे विभागप्रमुख. ते खुर्चीतून उठायचे फक्त फोटोसाठी. गाडीच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मात्र गाडीची चाचणी बघायला आले. गाडी त्यांच्यासमोरून अलगद निघून गेली आणि सरांचा चेहराच पडला.

"आवाजच न्हाई? मंग पाहुण्यांना कळंल कसं, गाडी चालू झाली म्हणून?"

विजेची मोटर अशीच चालते, हे मला या विषयाच्या गाईडला समजावून सांगावं लागलं.

"ते प्रबंधात लिहा. उद्या आवाज पाहिजे, बराबर."

आम्ही सीटमागे ब्लूटूथ स्पीकर बांधला आणि शिपायाच्या मोटारसायकलचा आवाज माझ्या मोबाईलवर भरून घेतला.

दुसऱ्या दिवशी भोकरदनहून आलेल्या पुढाऱ्यांनी नारळ फोडला आणि गाडीला झेंडूचा हार घातला. त्यांनी घातलेला हार काढायची हिंमत कुणाची? वीसेक पावलांवर तो चाकात गुंतला. चालवणाऱ्या मुलीनं लाल बटण दाबून मोटर बंद केली. गाडी जागच्या जागी उभी, आणि आवाज मात्र मैदान दणाणून सोडत होता.

"दम आहे गाडीत!" पुढारी म्हणाले. टाळ्या पडल्या.

माझ्या प्रबंधावर सरांची सही अजून व्हायची होती. त्यांनी मला डोळ्यानं खुणावलं. मी खिशातून मोबाईल काढला आणि आवाज आणखी वाढवला.