गायकाच्या माइकला गेट नको

बॅण्डवाले त्या साउंडवाल्याला 'तराजू' म्हणत. कुणाचा आवाज कुणावर चढला की त्याचं बोट आपसूक मिक्सरवर जाई. तीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही.

नव्या गायकांना तो समजावी, "कंप्रेसर म्हणजे घरातला वडीलधारा. ओरडणाऱ्याला खाली बसवतो, पुटपुटणाऱ्याला पुढे करतो. आणि गेट म्हणजे दारावरचा पहारेकरी. ठरलेल्या पातळीखालचा आवाज तो आत घेतच नाही."

ड्रमच्या प्रत्येक माइकला तो गेट लावी. गायकाच्या माइकला आठ वर्षांत एकदाही नाही. कुणी कारण विचारलं तर सवय नाही म्हणे आणि वायरी गुंडाळायला लागे. आठ वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ गाता गाता स्टेजवरच गेला, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

एके दिवशी संध्याकाळी त्याच भावाच्या मुलीच्या, म्हणजे पुतणीच्या बॅण्डचा कार्यक्रम होता. दुपारच्या चाचणीत ड्रम तिच्या पाठीशीच आल्यामुळे तिच्या माइकमधून गाण्यापेक्षा ठोकाठोकच जास्त येत होती. ड्रमवाल्यानं हसत विचारलं, गाणं नक्की कुणाचं आहे, तिचं की माझं? बाकीच्यांना दुसरा साउंडवाला हवाच होता. तीच एकटी काकाच्या बाजूनं भांडली होती.

"काका, आज लाव ना गेट," ती म्हणाली. "मी तुझ्यासाठी किती जणांशी भांडू?"

भावाच्या घरातली तेवढी एकच त्याच्याशी धड बोलत होती. त्यानं गेट लावलं. ठोकाठोक थांबली, आवाज धुतल्यासारखा स्वच्छ झाला. मंडळी खूश होऊन चहाला गेली. ती मात्र मिक्सरजवळ त्याच्या शेजारी येऊन बसली.

सभागृह रिकामं होतं. स्टेजवर कुणी नव्हतं. तिच्या माइकच्या गेटचा दिवा लाल, म्हणजे बंद.

तो हिरवा झाला.

वायर ढिली असेल म्हणून त्यानं गेटची पातळी वाढवली. हिरवाच. आणखी वाढवली. मग बटण शेवटपर्यंत फिरवलं. आता माणूस ओरडला तरी गेट उघडायला नको. दिवा हिरवाच राहिला. हेडफोन कानाला लावताच त्यानं बटण सोडलं.

तिनं ते त्याच्या कानावरून काढून आपल्या कानाला लावले. ती स्टेजकडे बघू लागली.

"कुणीतरी दम लागल्यासारखा श्वास घेतंय," ती हळूच म्हणाली. "काका, तिथे तर कुणीच नाही."

आठ वर्षं गिळलेलं मग त्याच्या तोंडून बाहेर पडलं. भाऊ गेला त्या दिवशीही ड्रमचा आवाज येतो म्हणून त्यानं भावाच्या माइकला गेट लावलं होतं, तेही जरा जास्तच कडक. शेवटचं गाणं संपता संपता, नुसती वाद्यं वाजत असताना भाऊ माइकचा आधार घेऊन वाकला. काकाला वाटलं, आभार मानतोय. स्पीकरमधून काहीच आलं नाही. रेकॉर्डिंगसाठी आवाज मात्र गेटच्या आधीच घेतला जात होता, म्हणून त्यात सगळं आलं होतं. आठव्या दिवशी त्यानं ते ऐकलं. भाऊ तीन वेळा म्हणाला होता, "दादा, थांबव जरा."

"मी दार लावून बसलो होतो गं," तो म्हणाला. "ते रेकॉर्डिंग अजून माझ्या कपाटात आहे. तुझ्या आईलाही सांगितलं नाही."

दिवा लाल झाला.

हेडफोन त्याच्यापुढे ठेवून पुतणी उठली, खुर्च्यांमधून चालत स्टेजवर गेली आणि माइकपुढे उभी राहिली. त्यानं अजून बटण मागे फिरवलं नव्हतं. पातळी शेवटच्या खुणेवरच होती. ती इतकं हळू बोलली की तिचे ओठही धड हलले नाहीत.

दिवा हिरवा झाला, आणि सभागृहभर तिचा आवाज आला.

"काका, मला ते ऐकायचंय."