अक्काच्या डब्यातलं सोनं

जळगावला तीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो, तरी सोनगीरच्या माझ्या थोरल्या बहिणीच्या लेखी मी अजून अडाणीच. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा अक्कानं जुन्या नाण्यांचा डबा ओट्यावर उपडा केला. म्हणाली, “धातूपरमाने लाव बरं.”

मी लोहचुंबक घेऊनच गेलो होतो. चिकटतील ती पोलादाची, असं ऐटीत सांगितलं. पहिलाच चिकटला एक जुना जाड रुपया.

“हाऊ पोलादना शे?” अक्कानं डोळे वटारले.

मी जीभ चावली. तो निकेलचा होता. निकेललाही चुंबक ओढतं, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल मी! अक्कानं हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

अब्रू वाचवायला मी परातीत पाणी घेतलं आणि ॲल्युमिनियमचा एक पैसा त्यावर अलगद आडवा ठेवला. तरंगला! मग काय, पासष्टचा मी आणि बहात्तरची ती, श्वास रोखून एकेक पैसा पाण्यावर सोडत बसलो. अकरा तरंगले. बाराव्याला तिला शिंक आली आणि आमचं आरमार बुडालं.

शेवटी राहिली वीस पैशांची सात पिवळी नाणी, कमळाची.

“यामा सोनं शे,” अक्का कुजबुजली. तिच्या लग्नानंतर गावात तशी बोलवा होती, म्हणून सासूपासून लपवून तिनं ती तांदळाच्या कणगीत पुरली होती. मी पितळ म्हटलं. ती ऐकेना. “तुले काय समजस? तांबटकडे चाल.”

तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या म्हाताऱ्या तांबटानं एक नाणं दगडावर घासलं, वळवून पाहिलं. “अक्का, तांबं, जस्त, जरासं निकेल. सोन्याचा वासही नाही.”

ती रडेल की काय, या भीतीनं मी तिचा हात धरला.

“म्हंजे सासूले मी फुकटच भ्यानू?” ती म्हणाली, आणि एवढी खदखदून हसली, की तांबटानं हातोडी खाली ठेवली आणि तोही हसत सुटला. मला तर उचकी लागली.

परतताना वाटेत जो भेटेल त्याला थांबवून अक्का आपली फजिती सांगत होती. घर येईपर्यंत सात नाण्यांची सत्तर झाली होती.