गाठ काढा, पिशवी राहू द्या

मधल्या सुट्टीत पुतण्याचा फोन आला. सकाळी अक्काने शेळ्या सोडल्या, ओट्यावर टेकली आणि तिथेच संपली.

अक्का माझी थोरली जाऊ. आखाडा बाळापूरच्या अलीकडे आमचं गाव, घर शेळ्यामेंढ्यांचं. मी शाळेत शिकवते म्हणून ती मला 'आमची शहाणी' म्हणायची. त्यात निम्मं कौतुक, निम्मा टोमणा. चार वर्षांपूर्वी माझ्या अंगावरून फार जायला लागलं, वर्गात उभं राहवेना. सासूबाईंनी उष्णता म्हणून सब्जा दिला, गुलकंद दिला. शेवटी सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली आणि जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढून टाका. घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. दोन लेकरं झालेली, आता तिचं काम काय? आमच्याकडे पिशवी काढणं दाढ काढण्याइतकं सोपं झालंय. मला ती काढायची नव्हती, पण सांगायला तोंड उघडत नव्हतं.

बायकांचं दुखणं पुरुषांसमोर काढायचं नाही, ही घरची रीत. अक्काने ती भर पंगतीत मोडली. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "शेळीला गाठ आली त आपण गाठीला औषध करतो, शेळी कापतो का? मग काहून हिची पिशवी काढून राहिले?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नांदेडच्या एसटीत होतो.

तिथल्या डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. काही गाठी खालून दुर्बिणीने निघतात, काही पोटाला बारीक छिद्रं पाडून. माझ्यासारखीच्या मनगटातून बारीक नळी आत नेऊन गाठीचा रक्तपुरवठाच बंद करता येतो, मग ती आकसत जाते. हे प्रत्येकीला चालत नाही, कधी पिशवी काढावीच लागते, हेही त्यांनी सांगितलं. अक्का म्हणाली, "म्हंजे चामखिळाला घोड्याचा केस बांधतो, तसंच की." डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "जवळपास तसंच."

इथेच घोळ झाला. केस बांधलेला चामखीळ गळून पडतो. त्यामुळे उपचारानंतर अक्का रोज सकाळी धारा काढून झाल्या की माझ्या खोलीच्या दारात हजर, "पडली का गं?" ती पडत नाही, आतल्या आत वाळते, हे सांगून मी थकले. काही महिन्यांनी तपासणीत गाठ निम्म्याहून लहान दिसली, माझी पाळीही ताळ्यावर आली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. मग गावातल्या, तांड्यावरच्या कितीतरी बायकांना ती नांदेडला घेऊन गेली. ज्यांची पिशवी काढावीच लागली, त्यांच्याही उशाशी बसली. काम टाकून हे कशाला, असं तिला विचारायची कुणाची टाप नव्हती.

मी एकदा विचारलं. एसटीच्या खिडकीला टेकून ती म्हणाली, "माझी त तिशीच्या आतच काढली. कुणी इचारलंच न्हाई. मला वाटलं, गाठ अन् पिशवी एकच असती." तिची कंबर, ठिसूळ झालेली हाडं, थंडीतही अंगाची होणारी लाही... तिची सगळी तकलीफ इतक्या लवकर पिशवी काढल्याची होती, हे मला त्या दिवशी उमगलं.

शाळेतून मी घरी पोचले तेव्हा तिला शेवटची आंघोळ घालायची होती. आमच्यात हे घरच्या बायका करतात. लुगडं सोडलं आणि बेंबीपासून खालपर्यंत गेलेला, वेड्यावाकड्या टाक्यांचा वण दिसला. इतकी वर्षं एका घरात राहून मी तो पाहिला नव्हता. आडोसा धरून उभ्या असलेल्या बायकांमध्ये तिने नांदेडला नेलेल्या कितीतरी होत्या, त्यांनीही तो तेव्हाच पाहिला. अक्काला मात्र तिच्या वेळी अशी हात धरून नेणारी कुणी भेटली नाही, याचा मला फार राग आला आणि फार रडू आलं. मी तांब्या कलता केला आणि त्या वणावर पाणी अगदी हळू सोडलं, तिला दुखू नये म्हणून.