पडलेलं फूल

मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरातल्या आमच्या घरासमोर चेरीचं एकच झाड आहे. आई जूनमध्ये, इथल्या हिवाळ्यात माझ्याकडे आली, तेव्हा त्याच्या नुसत्या काटक्या दिसत होत्या. “मेलंय गं हे,” म्हणाली, आणि तरी रोज तांदूळ धुतलेलं पाणी त्याला घालायला लागली. नको म्हटल्यावर ऐकेल ती आई कसली!

शेजारच्या जपानी आजींनी आम्हाला सांगितलं, की त्यांच्याकडे बहर आला की माणसं झाडाखाली जमतात, डबे खातात, फुलं मात्र तोडत नाहीत. बहर टिकत नाही, म्हणून तो गळतानाही बघायचा. मी आईला हे मराठीत सांगितलं. “मग देवाला काय वाहतात?” तिचा प्रश्न तयार. खाली पडलेलं फूल तिच्या देवाला चालत नसे; सवलत फक्त प्राजक्ताला.

तिला तो बहर बघायचा होता. पण गणपतीत घर बंद ठेवायचं नाही म्हणून ती पुण्याला परतली आणि मागोमाग झाड फुललं. मी व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती. तिने मला फोन अगदी फांदीजवळ धरायला लावला.

“तोडू नकोस हं,” म्हणाली. “खाली पडलेलं एक वाहा देवाला, माझ्या नावानं. चालेल.”

उद्या आंघोळ झाली की वाहते, म्हटलं. उजाडायच्या आत भावाचा फोन आला. आई गेली होती. सुतकात देवाला फूल कसं वाहणार? तशीच विमानात बसले.

तेरावा करून परतले तर झाडाला हिरवी पानं, आणि खाली जमीन लख्ख. लोक भेटायला येतील म्हणून नवऱ्याने सगळं झाडून घेतलं होतं. “अगं, केवढा कचरा झाला होता,” तो म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत? पण मी त्याच्यावर अशी ओरडले, की लेक खोलीतून धावत आली. “Mum, what happened?” पुण्यात आवरून धरलेलं रडू तिथे ड्राइव्हवेवर फुटलं.

माझी गाडी इतके दिवस जागची हलली नव्हती. वायपरखाली एक फूल अडकलेलं होतं, वाळून तपकिरी झालेलं. मी ते आत नेलं, हात धुतले आणि देवापुढे ठेवलं.

चाललं का, हे विचारायला आता कोणी नाही.