भागूबाईच्या गोधडीतले घास

हैदराबादेत, अंबरपेठेत आमच्या बोळाच्या टोकाला भागूबाई आणि तिचा नवरा निवृत्ती राहत. निवृत्ती कचेरीत चपराशी, अन् भागूबाई आम्हा एकट्यादुकट्या नोकरदारांना भाकरी करून घालायची. मी तेव्हा नवा कारकून. तिच्या हातची ज्वारीची भाकरी आठवली की अजून तोंडाला पाणी सुटतं, पण ते असो.

राज्यं नव्यानं आखली जात होती, ते हे साल. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, हैदराबाद आंध्रात. बोळातली निम्मी बिऱ्हाडं नांदेड, परभणीकडं निघायची होती. निवृत्ती मात्र इथंच राहणार होता. अशा दिवसांत माणसं एकमेकांकडं जरा तिरकंच बघतात. बदलीच्या यादीत कुणाचं नाव कुणी कुठं घातलं, याचा संशय चहात साखरेसारखा विरघळलेला.

अन् नेमकं तेव्हाच भागूबाई घरोघरी जुनं कापड मागू लागली. अंगात घातलेलंच हवं, नवं नको. मी शेरवानीचं फाटकं अस्तर दिलं. दुपारची भांडी घासून झाली की ती दार लावून घ्यायची, ते संध्याकाळी चूल पेटवायलाच उघडायची.

शेजारच्या इंदुताईनं कापड दिलं नाही. भानामतीला अंगावरचंच कापड लागतं, असं तिनं नळावर हळूच सांगून टाकलं. पुढं मला ताप आला, तो शेरवानीच्या अस्तराच्या खात्यावर गेला. अफझलगंजच्या बाजारातून आणलेली सीताफळं मी एका बैठकीत संपवली होती, हे कुणी विचारलंच नाही. मला भेटायला आलेले लोक माझ्यापेक्षा माझ्या उशाखाली जास्त बघत.

मग एके दिवशी भागूबाईच्या दाराखालून मुंग्यांची रांग आत जाताना दिसली. इंदुताईनं बोळ गोळा केला. निवृत्ती कचेरीतून आला तेव्हा माणसं त्याच्या उंबऱ्यावर उभी होती. त्याच्या पटक्याचंही टोक कापलेलं होतं, त्यामुळं तोही मनातून हललेला. तसलं काही निघालं तर सगळं चुलीत घालीन, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला.

दार उघडलं. बाजेवर अर्धवट गोधडी पसरलेली. पण चौकोनी ठिगळांची नव्हे. आमचा अख्खा बोळच तिनं कापडात मांडला होता. कुणाच्या खणाची चिंच, कुणाच्या धोतराची भिंत, पलीकडं निळ्या लुगड्याची मुसी नदी. धावदोरा नांगराच्या तासासारखा वळणं घेत गेलेला. माझं अस्तर माझ्या खोलीच्या जागी.

प्रत्येक घराखाली मात्र काहीतरी टणक शिवलेलं हाताला लागत होतं. गोधडी उपाशी राहू नये म्हणून शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा घास शिवतात, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक. पण तो एकच. इतके कशाला? इंदुताईनं माझ्या खोलीचा टाका दातानं तोडला. आतून पोळीचा वाळका तुकडा निघाला, मुंग्यांसकट.

भागूबाईनं तो तिच्या हातातून घेतला.

"एका गोधडीला एक घास पुरतो, इंदुताई. पण ही घरं आता एका जागी राहणार नाहीत. कुणी उपाशी का जावं?"

निवृत्तीनं गोधडीतला आपल्या पटक्याचा तुकडा चाचपला. मग त्यानं विचारलं, "अन् दार कशाला लावतीस?"

"उघडं ठेवलं की कुणीतरी पीठ मळायला लावतं."

बोळात हसू फुटलं. इंदुताई हसली नाही. गोधडीत तिच्या घराची जागा तेवढी रिकामी होती. ती घरी गेली, जुन्या लुगड्याचा पदर अन् पोळीचा डबा घेऊन आली, पण पदर भागूबाईच्या हातात दिला नाही. बाजेशेजारी बसली, स्वतःच्या डब्यातली पोळी मोडून आधी चाखली, मग घास ठेवला, अन् शेवटचा टाका पडेपर्यंत भागूबाईच्या सुईवरून नजर हलवली नाही.

पुढं इंदुताईचं बिऱ्हाड नांदेडला निघायच्या दिवशी टांगा दारात होता, सामान चढलं होतं. इंदुताई बसली, परत उतरली, भागूबाईच्या खोलीत गेली आणि आपल्या ठिगळाचा टाका बोटानं ओढून बघितला. पक्का होता. तेव्हा कुठं टांगा हलला.