भाचीच्या रक्तानं सांगितलेली वेळ

"वेळ सांगा, वेळ! मला गोष्ट नको!"

डॉक्टरीणबाई अशा ओरडल्या की सलाईनच्या बाटलीतले बुडबुडे जागच्या जागी थांबले. खरं म्हणजे थांबले नव्हते. थांबलो होतो मी. चार वर्षांच्या भाचीनं माझा उजवा अंगठा मुठीत आवळून धरलेला, दारात बायको, समोर डॉक्टरीणबाई आणि पाठीला भिंत. पिंजऱ्यातला उंदीर निदान इकडून तिकडं पळतो, मला तेवढीही जागा नव्हती.

"दोन तास झाले, मॅडम. पाणी सांडलं की पोरीला उचललं, जीप काढली. तलवाड्याहून बीडला अशी आणली की रस्त्यातले खड्डे स्वतः होऊन बाजूला सरकले!"

पाणी सांडलं होतं आदल्या दिवशी सकाळी. चुलीवरचं आंघोळीचं पातेलं पोरीनं ओढलं आणि दोन्ही पाय मांडीपासून खाली भाजले. तिचे आईबाप टोळीबरोबर ऊस तोडायला लांब गेलते. लेकरू माझ्या भरवशावर. तेव्हाच दवाखाना गाठायचा. पण मी पडलो बारा गावांत नावाजलेला भाजल्यावरचा वैद्य! चुन्याची निवळी आणि खोबरेल फेटून माझा लेप होतो. गुऱ्हाळाच्या कढईत पडलेला माणूस माझ्या लेपानं तिसऱ्या दिवशी वरातीत नाचला, ही हकीकत मीच पसरवलेली आणि सांगून सांगून मलाच खरी वाटायला लागलेली. लोक यायचे ते तव्याला बोट लागलं म्हणून. ती बोटं लेपाशिवायही बरी झाली असती, पण तसं कोण कबूल करतो? स्वतःच्या भाचीला दवाखान्यात नेली असती तर माझा लेप पुन्हा कुणी लावून घेतला असता? मग लावला लेप. दिवसभरात तीन वेळा लावला.

दुसऱ्या दिवशी पोरगी तापानं फणफणली, तेव्हा जीप काढली. वाटेत बायकोला बजावलं, "कुणी इचारलं तर आजच सकाळी भाजलं म्हणायचं."

"कावून?"

"उशीर केला म्हणून शिव्या घालतील, कावून म्हंजे काय!"

आता डॉक्टरीणबाई सलाईनची चकती फिरवत बोलत होत्या. "भाजल्या घटकेपासून मोजून लेकराला पाणी चढवायचं असतं. सुरुवातीच्या तासांत भरपूर, पुढं कमी. वेळ चुकली तर तेच पाणी छातीत साठेल. मी तुमच्या शब्दावर चढवतेय. कळतंय का?"

"कळतंय."

"आणि हा चुना असा थापलाय की कातडी किती खोल गेली तेच दिसत नाही. रक्त पाठवलंय. बघू ते काय म्हणतं."

डॉक्टरीणबाई दुसऱ्या एका पोराकडं गेल्या. आम्ही तिथंच. दार सताड उघडं, मला कुणी बांधलेलं नाही, पण अंगठा सुटेना. वर थेंब पडायचा, टप. माझा शब्द पोरीच्या अंगात चालला होता, थेंबाथेंबानं.

बायको जवळ येऊन पुटपुटली, "सांगा की वो खरं."

"गप बस."

"एरवी गाव झोपलं तरी तुमचं तोंड चालू. आज काय खिळा ठोकलाय का जिभेला?"

"आता सांगितलं तर खोटारडा म्हणतील."

"मग कोण हाय तुमी?"

मी वर बघून थेंब मोजायला लागलो.

तासाभरानं लॅबचा माणूस कागद घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, माझ्याकडं पाहिलं, परत वाचला.

"हे सीआरपी. अंगात दाह झाला की रक्तात वाढतं. पण दोन तासांत एवढं वाढत नाही, त्याला बराच वेळ जावा लागतो. परत सांगा, कधी भाजलं?"

"आमच्या घराण्याचं रक्तच लई तेज हाय, मॅडम. माझ्या आज्याला इंचू चावला तर इंचूच—"

पोरगी खोकली. लहानसंच खोकली, चिमणी शिंकावी एवढं. पण मला तिच्या छातीत विहीर भरलेली दिसली.

"काल," मी म्हणालो. "काल सकाळी आठला. लेप मी लावला."

एवढं छोटं भाषण मी जन्मात केलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आधी थेंब कमी केले, मग छातीला नळी लावून ऐकलं. "छाती साफ आहे. आता भीती जंतूंची," एवढंच बोलल्या आणि लेप धुवून काढायला लावला. पुन्हा ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी रक्तातला आकडा उतरायला लागला. जीव वाचला, पण डाव्या पोटरीला दुसरीकडचं कातडं लावावं लागणार होतं. तापाबरोबर माझीही भीती उतरली आणि जुनी खोड वर आली.

"मॅडम, लेपाचाही थोडा गुण आला असंल की?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

त्याच दुपारी बहीण आली. उसाच्या पाचटानं हात ओरबाडलेले, बसमधून उतरून तशीच. जीप, खड्डे, सगळी हकीकत मी तोंडपाठ करून ठेवली होती. पोरगी झोपलेली, अंगठा अजून तिच्या मुठीत.

"कधी भाजलं रे, दादा?"

खड्डे ओठापर्यंत आले होते. गिळले.

"रविवारी सकाळी. इथं आणलं सोमवारी. मधी मी घरीच लेप लावत बसलो. आणि डॉक्टरशी खोटं बोललो."

बहीण पट्ट्या बांधलेल्या पायांकडं वाकली. आता हिनं दोन थोबाडीत द्याव्यात म्हणून मी गालसुद्धा पुढं केला होता.

"बरं," ती म्हणाली. "ऊठ तिथून. मी बसते."