चार्जिंगच्या झाकणाचं कुलूप

चार्जिंगचा प्लग खोचला की ऑटोवाले चाचा तो एकदा ओढून बघत, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकत. तुमच्याही गावात संशयी माणसं असतील. पण विजेवर पाळत ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आमच्या गावाहून कळमनुरीच्या कॉलेजला मी त्यांच्याच इलेक्ट्रिक ऑटोने जायची. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. माझी वेळ त्यांनी कधी चुकू दिली नाही.

जुना ऑटो देऊन त्यांनी नवा घेतला. विकणारा कौतुकाने म्हणाला, आता सगळ्या कंपन्यांचा प्लग एकच, कुठंही चार्ज करा. चाचांचा चेहरा उतरला.

"कुठं बी बसतंय म्हंजी कुणाचं बी बसतंय," ते मला म्हणाले. "सगळ्या कुलपांला एकच किल्ली. काहून? याच्यात काही तरी हाय, बेटा."

दुसऱ्या दिवशी चार्जिंगच्या झाकणाला कडी लागली, कडीला छोटं कुलूप. स्टँडवरचे ऑटोवाले विचारायचे, चाचा, करंट काय कोणी तांब्यात भरून नेणार?

"ज्या वाटेनं आत जातो, त्या वाटेनं भायेर बी येत आसंल."

माझ्या शेवटच्या पेपरच्या आदल्या रात्री गावात वीज नव्हती. सकाळी निम्म्या वाटेतच ऑटो थांबला. एसटी आधीच गेली होती. नशिबाने समोरच्या हॉटेलवाल्याकडे त्याच्या ऑटोचा चार्जर होता. चाचांनी खिसा चाचपला, पुन्हा चाचपला. माझा पेपर म्हणून ते इस्त्रीचा कुर्ता घालून आले होते आणि किल्ली राहिली होती जुन्या कुर्त्यात.

मी रडवेली झाले होते. चाचांनी माझ्याकडे बघितलं, दगड उचलला आणि स्वतःचंच कुलूप फोडलं. मग परक्याचा प्लग खोचून तो हाताने धरून बसले. हॉटेलवाला म्हणाला, सोडा की चाचा, पडत नाही तो.

"पडायचं भ्याव न्हाई. भरून राहिला का काढून राहिला, ते बघून राहिलो."

मी वर्गात शिरले तेव्हा पेपर वाटणं चाललं होतं.

पदवी मिळाल्यावर मी त्यांना नवं कुलूप नेऊन दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "याची दुसरी किल्ली कुणाकडं हाय?" म्हणाले, आणि हसले. ते कुलूप त्यांनी कधी लावलं नाही.

आता चाचा नाहीत. ऑटो त्यांची सून चालवते. कळमनुरीत स्टँडजवळ सगळ्यांसाठीचं चार्जिंग आहे, तिथे सकाळी तो दिसतो. झाकणावरची कडी त्या दगडाने वाकलेली, तशीच. सून प्लग खोचते आणि खुशाल चहाला जाते.

ती परत येईपर्यंत मी तिथेच उभी राहते, प्लगवर हात ठेवून.